सुपडूनानांचा काटा

पहिल्या भेटीत सुपडूनानांनी मला नाव विचारलं नाही. हँगरच्या दारात एक काटा होता, जिनिंगवर कापसाची पोती मोजतात तसला, लोखंडी पाट्याचा आणि दांडीचा. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "उभ्या ऱ्हा." मी चपला काढायला वाकले तर म्हणाले, "चपला काढू नका, ताई. माणूस चपला घालीसनच उडस."

अहो, मी उडायला आलेच नव्हते. सोनगीरहून स्कूटीवर आले होते ती शेठच्या विमानाचे कागद सांभाळायला. पण नानांपुढे वाद घालणं मला पहिल्या दिवशीही जमलं नाही आणि पुढेही फारसं जमलं नाही. मी उभी राहिले. त्यांनी दांडीवरचं माप सरकवलं, वाकून आकडा बघितला आणि शर्टाच्या खिशातल्या वहीत लिहिला. मी विचारलं, किती? त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "बठा." म्हणजे बसा, चालेल. पुढची चार-साडेचार वर्षं मी त्यांच्या तोंडून काट्याशी दोनच शब्द ऐकले. माणूस चालत असेल तर "बठा", नसेल तर "थांबा". आकडा त्यांनी कुणाला कधी सांगितला नाही. माणसाचं वजन त्याचं त्याला ठाऊक असावं, बाकीच्यांना कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाना गेले त्याला आता दोन महिने होतील. भटूचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. "नाना गेले" एवढंच म्हणाला. कसे, कधी, काही नाही. त्या घरात बोलणं आधीच आटलं होतं.

तर ते विमान. धुळ्याबाहेर, हायवेपासून आत, शेठची स्वतःची छोटी धावपट्टी होती. शेठचा धंदा जिनिंगचा आणि केळीचा. रावेरला केळी भरायची आणि मुंबईला जाऊन परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं. रस्त्यानं जाण्यात दिवस मोडतो म्हणून त्यांनी एक बारकं जेट घेतलं, जुनं. बारकं म्हणजे किती, तर आत उभं राहता येत नाही, वाकून शिरायचं आणि गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. आमचे कॅप्टन नाशिकचे, सरळ माणूस. ते त्या विमानाची जन्मकथा सांगायचे. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला वाटलं होतं की जेट इतकं हलकं आणि स्वस्त करायचं की लोक रिक्षासारखं वापरतील. हलकं करायचं म्हणून जे जे काढता येईल ते काढलं, इंजिनं चिमुकली लावली. नोंदणीला झुंबड उडाली म्हणे. मग रिक्षा काही आकाशात आल्या नाहीत, कंपनीनं दिवाळं काढलं आणि बनलेली विमानं जगभर पोरकी झाली. त्यातलं एक आमच्याकडे आलं.

त्याच्याबरोबर एक गुळगुळीत पुस्तिका आली होती. तिच्यात फोटो होता: विमानात सहा गोरी माणसं हसत बसलेली, पायाशी भल्यामोठ्या बॅगा. नानांनी ती पुस्तिका बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिली. वीस वर्षं मापाडी होते, माणूस बघून वजन सांगायचे, किलो-दोन किलोच्या पलीकडे चुकायचे नाहीत. वहीत सहा आकडे मांडले, बॅगांचे मांडले, बेरीज केली, कॅप्टनना टाकीभर तेलाचं वजन विचारलं आणि पुस्तिका मला परत देत म्हणाले, "ताई, हाई चित्र उडनार नही." कॅप्टन इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण खरंच होतं ते. टाकी भरली तर त्या सहा खुर्च्यांत पायलट धरून तिघांनीच बसावं. आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी हवा तापून पातळ होते, विमानाला धरायला काही मिळत नाही, तेव्हा त्याहून कमी.

नाना आधी धरणगावला शेठच्या जिनिंगवर होते. कापूस मोजताना "कडता" धरायची रीत आहे. ओल, काडीकचरा, पोत्याचं वजन, या सगळ्याच्या नावानं मापातून काही किलो अंदाजानं कमी करायचे. शेतकऱ्यालाही माहीत असतं, तोही कुरकुरून गप्प बसतो. नाना मात्र रिकामं पोतं वेगळं मोजायचे आणि तेवढंच कमी करायचे. दिवाणजी तणतणले, नानांवर काही फरक पडला नाही. शेवटी गोष्ट शेठपर्यंत गेली. नेमकं त्याच आठवड्यात कॅप्टन शेठना म्हणाले होते की या विमानाला वजन अचूक मोजणारा माणूस लागेल, नाहीतर मी उडवणार नाही. शेठ म्हणाले, "माझं नुकसान करणारा एक आहे आपल्याकडे. त्याला घेऊन जा." असे नाना आपल्या काट्यासकट हँगरवर आले.

रोज सकाळी आल्यावर शिक्का मारलेलं वीस किलोचं वजन ते काट्यावर ठेवायचे. मग स्वतः उभे राहायचे. मग पाटा पुसायचे. विमान उडणार असो वा नसो. पावसाळ्यात महिना महिना उडायचं नाही, तरी हे चुकायचं नाही. मी चिडवायची, "नाना, काल वीस होतं, आज एकवीस झालं का?" ते शांतपणे म्हणायचे, "व्हई बी शकस." मला राग यायचा, पण चहा आम्ही एकत्रच प्यायचो.

शेठच्या बायकोनं काट्यावर चढायला साफ नकार दिला होता. नोकरानं आपल्याला तोलायचं म्हणजे काय! दारातच उभी राहिली. नानांनी आवाज न चढवता शेठना सांगितलं, "शेठ, तुम्ही आन बाईसाहेब संगे उभ्या ऱ्हा. मंग तुम्ही एकला." दोघं उभी राहिली, मग शेठ एकटे. वजाबाकी नानांनी वहीत केली. बाईसाहेबांचा मान राहिला आणि शेठची बॅग मात्र खाली राहिली.

एकदाच नाना जागेवर नव्हते. रावेरला त्यांच्या मोठ्या बहिणीच्या दहाव्याला गेले होते, तीन दिवस. त्यातल्या एका दिवशी शेठकडे अहमदाबादचे दोन पाहुणे आले होते. भरीत-पुरीचं जेवण झालं, आणि आपल्याकडे पाहुणा रिकाम्या हातानं परत जात नसतो. निघायच्या वेळी घरची गाडी हँगरला लागली. भरताच्या वांग्यांची दोन पोती, केळीच्या वेफर्सचे डबे, शेवेचे डबे, बाईसाहेबांनी वाळवलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. काटा तिथेच होता. पण पाहुण्यांसमोर त्यांना दिलेली वांगी तोलायची? मला लाज वाटली. मी अंदाजानं आकडा लिहिला आणि कागद कॅप्टनच्या हातात दिला. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं, तो खऱ्या वजनापेक्षा नव्वद किलोंनी कमी होता.

विमान पट्टीच्या टोकापर्यंत गेलं तरी उठेना. मी बघत होते. अगदी शेवटी उचललं, आणि कुंपणाच्या तारेला चाक घासलं. संध्याकाळी कॅप्टन परत आले, माझ्या टेबलावर चाकात अडकून आलेला तारेचा हातभर तुकडा ठेवला आणि निघून गेले. त्या रात्री मी जेवले नाही. नाना आले तेव्हा मी सगळं सांगितलं, वाटलं बोलतील. ते म्हणाले, "चूक मन्ही. मी जावाले नको व्हतं." तो तुकडा त्यांनी काट्याच्या वरच्या खिळ्याला अडकवला. त्यानंतर ते एकही दिवस सुट्टीवर गेले नाहीत, सख्ख्या पुतणीच्या हळदीलासुद्धा नाही.

हे सगळं सांगायचं कारण पुढे येतं. मला ते सांगायचं नाही, पण त्याशिवाय नाना कळणार नाहीत.

मे महिना होता. नानांची नात आरू, नऊ वर्षांची. साधी कावीळ म्हणून आठवडाभर घरीच होती, पथ्यपाणी चाललं होतं. मग एका सकाळी ती काहीबाही बरळायला लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर बंद पडतंय, आजच्या आज मुंबई गाठा, रस्त्यानं नेऊ नका, पोहोचणार नाही. भटूनं शेठना फोन केला. शेठच्या बाजूनं हे सांगायलाच हवं, त्यांनी एका शब्दात विमान दिलं. त्यांची स्वतःची मुंबईची खेप होती ती रद्द केली.

दुपारी दोनला अँब्युलन्स हँगरला आली. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. आरू स्ट्रेचरवर, पिवळीधमक. बरोबर डॉक्टर, ऑक्सिजनचं सिलिंडर, आई-बाप. सुरेखा, म्हणजे नानांची सून, पोरीचा हात धरून होती. सोडतच नव्हती.

भटूचा फोन आला तेव्हापासूनच नाना कामाला लागले होते. विमानातल्या सुट्या होणाऱ्या खुर्च्या त्यांनी काढून घेतल्या. गालिचा काढला. शेठचं घडीचं टेबल, पाण्याची पेटी, कॅप्टनची बॅग, सगळं बाहेर. तेल कमी करता येईना, कारण मुंबईवर मोठ्या विमानांची गर्दी असते आणि आमच्यासारख्या बारक्याला घिरट्या घालत ठेवतात. कॅप्टनांनी थर्मामीटर पाहिलं, तक्ता पाहिला आणि वरची हद्द सांगितली. मग नानांनी एकेक मोजायला घेतलं. स्ट्रेचर. सिलिंडर. डॉक्टर चांगले धष्टपुष्ट होते, त्यांचे बूट काढून घेतले. आरूला त्यांनी स्वतः उचलून काट्यावर घेतलं, मग तिला खाली ठेवून स्वतःचं वजन वजा केलं.

वहीत बेरीज झाली. उरले त्रेचाळीस किलो.

भटू अंगानं दणकट, त्याचा प्रश्नच नव्हता. सुरेखा काट्यावर चढली. उतरली. चपला काढल्या, पुन्हा चढली. उतरून हातातल्या बांगड्या काढल्या, पाटल्या काढल्या, पर्स टाकली, पुन्हा चढली. नानांनी माप सरकवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावरून मी आकडा बघितला. अठ्ठावन्न.

नानांनी आकडा वहीत लिहिला. मग म्हणाले, "थांब, माय."

तिला कळलंच नाही. तिला वाटलं, दोन मिनिटं थांब. ती पायरीकडे चालायला लागली तेव्हा नाना आडवे आले. "पंधरा जास्त शे. तू नही जावाव."

"नाना, ती मला हाक मारतेय," सुरेखा म्हणाली.

कॅप्टन म्हणाले, "नाना, आकडा तुमचा. तुम्ही हो म्हणा, मी नेतो." भटू बापाचे पाय धरायला वाकला. आणि मी, जिच्या हातून वांग्यांची पोती गेली होती ती मी, सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. "पंधरा किलोनं काय होतं, नाना? आई आहे ती! इथे तरी कडता धरा!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिळ्यावरच्या तारेकडे पाहिलं. "ताई, आते धरू का मी कडता?" म्हणाले. विचारत होते खरोखर.  आजही वाटतं, तेव्हा मी "हो" म्हणायला हवं होतं.

ते स्ट्रेचरजवळ गेले, आरूच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "तुन्ही माय मांगेच येस, बाळा." कॅप्टन मुंबईला सोडून लगेच परत येणार होते, दुसऱ्या खेपेत आई-बापांना नेणार होते, असं ठरलं. ते काही खोटं नव्हतं. दार लागलं. विमान पळालं, उठलं, गेलं. सुरेखा अनवाणी त्या तापल्या डांबरावर उभी होती. तिच्या तळव्यांना फोड आले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

मुंबईच्या विमानतळानं कॅप्टनना परत उडायला वेळच दिला नाही. आमच्या पट्टीवर दिवे नाहीत, सूर्य मावळला की उतरता येत नाही. साडेचारला ते फोनवर म्हणाले की आज जमत नाही, तेव्हा शेठच्या गाडीनं दोघं निघाली. नाशिक ओलांडलं होतं. दिवेलागणीला डॉक्टरांचा फोन आला. आरू शेवटपर्यंत शुद्धीवर येऊन जाऊन होती म्हणे. आईला विचारत होती.

सगळे गेल्यावर त्या दुपारी नाना पट्टीवर चालत गेले होते. जिथून विमानाची चाकं उठली तिथपासून टोकापर्यंत त्यांनी पावलं मोजली आणि वहीत लिहिली. मला ती वही खूप नंतर दिसली, टेबलावर उघडी राहिली होती म्हणून. एकशे साठ पावलं. इतक्या वर्षांत मलाही ते गणित येतं. पंधरा किलोला एकशे साठ पावलं लागत नाहीत. वीसही लागत नाहीत. कॅप्टनांनी हद्द सांगतानाच थोडं राखून ठेवलेलं असतं, राखावंच लागतं. म्हणजे ती मावली असती. आणि हे नानांना त्याच दिवशी, ती दोघं अजून रस्त्यात असताना, कळलं होतं.

एकदा चहा पिताना ते आपणहून बोलले. "आज पंधरा सोडा, उद्या कोनी वीस मांगस. मंग काटा कसाले ठेवाना?"  त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं, बरोबर होतं असंही म्हणवत नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्यांच्याकडे बघून रडू यायचं, दोन्ही एकदम.

घरी सुरेखा त्यांचं सगळं करायची. ताट वाढायची, डबा भरायची, धोतर वाळत घालायची. बोलायची नाही. एक शब्द नाही. नानांनी एकदा पाणी मागितलं तर तांब्या ठेवून गेली, असं भटूच सांगायचा. ती स्वतः जेवते की नाही हे कुणी बघितलंच नाही.

पुढच्या वर्षी विमान बंद पडलं. इंजिनाचा एक भाग हवा होता, आणि बनवणारी कंपनीच उरली नव्हती तर भाग कोण देणार. शेठनं चौकशा केल्या, कंटाळले आणि जळगावहून साध्या विमानानं जायला लागले. इंजिनं उतरवून कोपऱ्यात ठेवली. टायर बसले, खाली लाकडी ठोकळे लावले. कॅप्टन दुसरीकडे गेले. नानांना कुणी "येऊ नका" म्हटलं नाही, म्हणून ते येत राहिले. सकाळी वीस किलोचं वजन, मग स्वतः, मग पाटा पुसायचा. मलाही धुळ्यात दुसरी नोकरी लागली होती, महिनाअखेर निघणार होते.

माझ्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. नाना डबा घरी विसरले होते. अकराच्या सुमाराला सुरेखा डबा घेऊन आली. त्या दुपारनंतर ती हँगरवर पहिल्यांदाच येत होती. मी तिला ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. तिनं डबा माझ्या टेबलावर ठेवला. दारातल्या काट्याकडे बघितलं, खिळ्यावरच्या तारेकडे बघितलं. मग चालत गेली आणि काट्यावर उभी राहिली. चपला घालून.

नाना खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. चष्मा लावला, माप सरकवलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा सरकवलं. दांडी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. ती समोर विमानाकडे बघत होती. नानांनी खिशातून वही काढून आकडा लिहिला. मी बसल्या जागेवरून दांडी वाचली. चपलांसकट बेचाळीस.

 नानांनी विमानाच्या दाराकडे हात केला.

"बठ, माय," म्हणाले.

ती उतरली, ठोकळ्यांवर उभ्या त्या विमानाच्या पायरीवर चढली, वाकून आत गेली आणि जिथे स्ट्रेचर ठेवलं होतं तिथे खाली बसली. नाना काट्याजवळच उभे होते. मी डबा टेबलावर तसाच ठेवून बाहेर आले.